मुलींची फी माफ योजना : पावतीवर शून्य आलं, घरून किती गेले ते पण सांगते

मी कधी कुठल्या गोष्टीचा रिव्ह्यू लिहिलेला नाही, पण ही योजना आम्ही दीड वर्ष वापरतोय आणि दर जून-जुलैला ओळखीतल्या कुणाचा ना कुणाचा फोन येतोच की ताई खरंच फुकट आहे का हो, किती पैसे घेऊन जायचे ॲडमिशनला, म्हणून म्हटलं एकदा सगळं सविस्तर लिहून टाकावं. आम्ही बार्शीचे. आमचे हे मार्केट यार्डात आडत दुकानात दिवाणजी आहेत, मी घरी ब्लाऊज शिवते, पिको-फॉल करते. दोन मुलं, पाठोपाठची. थोरली पुण्यात कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि धाकटा यंदाच इंजिनीअरिंगला लागला, त्याच्याबद्दल पुढं सांगते कारण मला खरं लिहायचंय ते त्याच्याचसाठी.

आधी योजना काय ते साध्या शब्दात, कारण लोकांच्या डोक्यात फार गोंधळ आहे. ८ जुलै २०२४ ला सरकारचा जीआर निघाला. त्याच्या आधी ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (मराठा आरक्षण) मधल्या मुलामुलींना प्रोफेशनल कोर्सला ट्यूशन फी निम्मी माफ व्हायची. या जीआरनं मुलींसाठी ती निम्म्याची पूर्ण शंभर टक्के केली, परीक्षा फी सुद्धा. अट एवढीच की घरचं वर्षाचं उत्पन्न ८ लाखाच्या आत पाहिजे आणि ॲडमिशन कॅप राऊंडमधून, म्हणजे सरकारच्या एकत्रित ऑनलाईन प्रवेश प्रक्रियेतून झालेलं पाहिजे. सरकारी, अनुदानित आणि कायम विनाअनुदानित कॉलेजं यात येतात. इंजिनीअरिंगच नाही तर मेडिकल, फार्मसी, ॲग्री, पशुवैद्यकीय हे पण येतं. आधीपासून शिकणाऱ्या मुलींना पण लागू झालं, नुसतं नवीन ॲडमिशनलाच नाही, त्यामुळं त्यावेळी तिसऱ्या-चौथ्या वर्षाला असलेल्या पोरींचं पण भलं झालं. सरकारनं यासाठी ९०६ कोटीचा जादा खर्च मंजूर केला होता तेव्हा.

काय येत नाही ते जास्त नीट वाचा, कारण लोक तिथंच फसतात. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलं तर नाही. कॉलेज लेव्हलला नंतर जागा भरतात त्यातून घेतलं तर नाही. खाजगी अभिमत विद्यापीठ नाही, आणि नावात युनिव्हर्सिटी असलेली जी नवी खाजगी स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं निघाल्यात ती पण नाहीत. आमच्या गल्लीतल्या एका मुलीच्या वडिलांनी जाहिरात बघून, कॅम्पस बघून, अशाच एका ठिकाणी ॲडमिशन घेतलं आणि नंतर कळलं की इथं ही योजनाच नाही, तोवर पैसे भरून झालेले. त्यामुळं फॉर्म भरायच्या आधी कॉलेजला एकच प्रश्न विचारायचा, तुमच्याकडं कॅपमधून आलेल्या मुलींना शंभर टक्के लागू आहे का, आणि उत्तर गोलमोल आलं तर पुढं जायचं नाही.

आता आमचा अनुभव. २०२४ ला थोरलीची सीईटी झाली, मार्क चांगले पडले, पण घरात आनंद कमी आणि टेन्शन जास्त. तिला मिळणाऱ्या कॉलेजची ट्यूशन फी साधारण १ लाख २ हजार होती. निम्मी माफ धरली तरी ५१ हजार, ते पण दरवर्षी. मी माझ्या हिशोबात मोजते, अस्तराच्या ब्लाऊजची शिलाई ३०० रुपये, म्हणजे एका वर्षाच्या पूर्ण फीला ३४० ब्लाऊज. लग्नसराईत पाठ मोडेपर्यंत मशीनवर बसलं तरी ते होत नाही, कारण घर पण त्यातच चालवायचंय. आमच्या ह्यांनी शब्द काढला होता की हिला इथंच बीएस्सीला घालू, जवळ राहील. मी काही बोलले नाही पण दोन रात्री झोपले नाही. कारण माझं तेच झालेलं. बारावीपर्यंत मुलींना फी नव्हती तोवर मी शिकले, एफवाय बीएला नाव घातलं, मराठी विषय होता माझा आवडीचा, आणि वर्षभरात घरच्यांनी थांबवलं. फी फार नव्हतीच बीएला. पण रोजचं येणंजाणं, वह्यापुस्तकं, आणि घरात दोन भाऊ शिकणारे. त्यात मुलीचं शिक्षण सगळ्यात आधी थांबतं, तेव्हा पण आणि आत्ता पण.

आणि मग जुलैत तो जीआर आला. सरकारचा कुठलाही निर्णय आमच्या घरात एवढा मोठ्यानं वाचला गेला नव्हता. थोरलीनं मोबाईलवर सगळा वाचून दाखवला, ह्यांनी दोनदा वाचायला लावला. बीएस्सीचा विषय त्या दिवशी संपला तो संपला. ही गोष्ट मी मुद्दाम लिहितेय कारण बरेच लोक म्हणतात फुकट दिलं की किंमत राहत नाही. अहो, माझ्या घरात किंमत काय झाली ते मी बघितलंय. त्या पोरीनं पहिल्या दिवसापासून एक लेक्चर बुडवलं नाही, तिला माहिती आहे की ही जागा दुसऱ्याच्या पैशातून आल्ये. फुकट मिळालं म्हणून उडाणटप्पूपणा करणारी पोरं डोनेशन भरून गेलेल्यांत पण असतातच की.

कागदं. इथं दम लागतो. जातीचा दाखला, त्याची पडताळणी म्हणजे व्हॅलिडिटी, नॉन क्रिमिलेयर चालू तारखेचं, उत्पन्नाचा दाखला तहसीलचा, डोमिसाईल, रेशन कार्ड, दहावी-बारावीची मार्कशीट, कॅपचं अलॉटमेंट लेटर, कॉलेजची फी पावती, आणि बँकेच्या खात्याला आधार जोडलेलं. यातलं शेवटचं सगळ्यात जास्त लोकांना नडतं. खात्याला मोबाईल जोडलाय, आधारची झेरॉक्स बँकेत दिल्ये, म्हणजे झालं असं वाटतं, तसं नाही. सरकारी पैसे ज्या खात्यात यायचेत त्याच खात्याला आधार सीडिंग झालेलं लागतं, ते बँकेत जाऊन वेगळं सांगावं लागतं. मुलीच्या नावचं खातं दहावीतच काढून ठेवा आणि सीडिंग करून टाका. व्हॅलिडिटीचं प्रकरण अकरावीतच सुरू करा. आम्ही बारावीत केलं आणि सीईटीचा अभ्यास सोडून पोरगी वडिलांबरोबर आजोबांच्या शाळेचा दाखला शोधत दोन गावं हिंडली, त्या शाळेचं जुनं रजिस्टर वाळवीनं खाल्लेलं. उत्पन्नाच्या दाखल्याला आमचे तीन हेलपाटे झाले, एकदा साहेब नाहीत, एकदा सर्व्हर नाही, एकदा तलाठ्याचा अहवाल नाही. प्रत्येक हेलपाट्याला ह्यांची अर्ध्या दिवसाची सुट्टी.

आता ॲडमिशनचा दिवस. कॅपमध्ये जागा पक्की करायला हजार रुपये ऑनलाईन भरायचे असतात, ते भरले, आणि मग रिपोर्टिंगला पुण्याला गेलो. पात्र मुलींकडून ॲडमिशनला ट्यूशन फी घ्यायची नाही असं सरकारनं कॉलेजांना बजावून सांगितलेलं आहे, ते आम्हाला माहीत होतं, तरी मनात धाकधूक होती म्हणून जाताना मी माझ्या पाटल्या गहाण ठेवून ६० हजार बरोबर घेतले होते. आणि बरं झालं का वाईट झालं सांगता येत नाही, कारण खिडकीवरच्या माणसानं सरळ सांगितलं आत्ता निम्मी भरा, स्कॉलरशिप आली की परत करू. ह्यांनी लगेच पिशवीत हात घातला. आपली माणसं अशीच, खिडकीपलीकडच्या माणसाशी वाद घालायची सवयच नाही. थोरलीनं ह्यांचा हात धरला आणि म्हणाली पप्पा थांबा, आणि मोबाईलवर जीआर उघडून त्या माणसाला म्हणाली सर, यात असं लिहिलंय. तो म्हणाला आम्हाला अजून आदेश नाही. मग प्राचार्यांच्या केबिनबाहेर अडीच तास. शेवटी हमीपत्र लिहून घेतलं की योजनेत बसलं नाही तर फी आम्ही भरू, आणि ट्यूशन फी न घेता ॲडमिशन दिलं. आमच्या मागं परभणीकडचं एक कुटुंब होतं, त्यांनी आमचं बघून तेच केलं. पण त्यांच्या आधी जे दोघं-तिघं निम्मी भरून गेले, त्यांनी ते पैसे कुठून आणले असतील आणि कधी परत मिळाले असतील देव जाणे. कॉलेजचं नाव घेत नाही, मुलगी अजून तिथंच आहे, आणि शिकवतात चांगलं हे पण खरं आहे. संस्थावाल्यांचं म्हणणं असतं की सरकारकडून पैसे उशिरा येतात, आम्ही पगार कशातून करायचे. असेल, ते पण खोटं नसेल. पण मग तो ताण सरकारनं आणि संस्थेनं आपापसात मिटवावा, पाटल्या मोडायची वेळ माझ्यावर का यावी.

पावती हातात आली त्यावर ट्यूशन फी या ओळीत शून्य होतं. मी ती पावती लॅमिनेट केल्ये, देवघराच्या फळीवर आहे. तेवढ्यासाठी या योजनेला पाचपैकी पाच.

पण पावती खाली पण वाचायची असते. डेव्हलपमेंट फी १० हजार, ती माफ होत नाही. विद्यापीठ नोंदणी, विमा, जिमखाना, लायब्ररी डिपॉझिट वगैरे मिळून साडेसहा हजार. होस्टेलचे वर्षाचे ४२ हजार. मेस महिन्याला ३४०० प्रमाणे दहा महिन्याचे ३४ हजार. कॉम्प्युटरला घातलंय म्हटल्यावर लॅपटॉप लागतोच, तो ४६ हजाराचा, हप्त्यावर. परीक्षा फी आधी आपणच भरायची, ती नंतर खात्यात आली. म्हणजे माफ झाले १ लाख २ हजार आणि पहिल्या वर्षी घरून गेले जवळजवळ १ लाख ४० हजार, येणंजाणं वेगळं. एसटीला बायकांना निम्मं तिकीट झालंय २०२३ पासून ते एक बरंय, नाहीतर बार्शी-पुणे दर महिन्याला जमलं नसतं. पाटल्या अजून सुटल्या नाहीत. त्या फीसाठी गहाण ठेवल्या होत्या आणि होस्टेलात गेल्या.

हे मी तक्रार म्हणून लिहीत नाहीये हां. फी माफ नसती तर हे दोन्ही मिळून झेपलंच नसतं, साधा हिशोब आहे. पण मोफत हा शब्द ऐकून एखादी शेतमजुराची मुलगी पुण्याला जाईल आणि होस्टेलच्या खिडकीवरून परत येईल, तिला आधी कुणीतरी सांगायला पाहिजे. आणि सांगायची दुसरी गोष्ट अशी की राहण्याजेवणासाठी पण योजना आहेत, फक्त त्या कुणी आपणहून सांगत नाही. डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता म्हणून एक आहे, अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणी झालेल्या मजुरांच्या मुलांसाठी. अनुसूचित जातीच्या मुलांना स्वाधार योजना आहे. ओबीसी, भटक्या विमुक्तांच्या मुलांना सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, त्यात पुण्या-मुंबईसारख्या ठिकाणी वर्षाला ६० हजारापर्यंत मिळू शकतात, पण जागा मोजक्या असतात. आम्हाला हे कळलं पहिलं वर्ष संपताना, तेही थोरलीच्या रूममेटकडून. यंदा अर्ज केलाय, बघू.

मला खरं तर या बाबतीत जुनी माणसं जास्त शहाणी वाटतात. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ साली पहिलं वसतिगृह काढलं आणि मग एकेका समाजाची बोर्डिंगं काढत गेले. त्यांना कळलं होतं की खेड्यातल्या पोराचं शिक्षण शाळा नाही म्हणून जेवढं अडत नाही तेवढं शाळेच्या गावात भाकरी आणि पथारी नाही म्हणून अडतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी पण १९१९ ला रयत शिक्षण संस्था काढली तेव्हापासून बोर्डिंगवरच जोर दिला, आणि लक्ष्मीबाईंनी, त्यांच्या पत्नीनं, बोर्डिंगातल्या पोरांच्या धान्यासाठी आधी दागिने आणि शेवटी मंगळसूत्र दिलं. हे शाळेत असताना वाचलेलं तेव्हा नुसता धडा वाटायचा. पाटल्या गहाण ठेवताना सराफाच्या दुकानात मला लक्ष्मीबाई आठवल्या. मी तर माझ्या पोटच्या पोरीसाठी देत होते, त्या माऊलीनं दुसऱ्यांच्या पोरांसाठी दिलं. आमच्या बार्शीत मामासाहेब जगदाळ्यांनी पण तेच केलं, बोर्डिंग काढून खेड्यापाड्यातली पोरं आणून ठेवली. माझे सासरे त्यांच्या शाळेत शिकलेले, अजून नाव काढलं तर हात जोडतात. कमवा आणि शिका त्याच परंपरेतलं. भाऊरावांनी साताऱ्याचं छत्रपती शिवाजी कॉलेज १९४७ ला काढलं ते याच विचारावर, पोरांनी श्रम करायचे आणि त्यावर शिकायचं, पैसे नाहीत म्हणून कुणी परत जायचं नाही.

आता धाकट्याचं. आठवीपासून त्याला इलेक्ट्रॉनिक्सचं वेड, घरातला प्रत्येक बंद पडलेला रेडिओ त्यानं उघडलेला. यंदा त्याची सीईटी झाली, ताईपेक्षा दोन टक्के कमी पण चांगले होते, मागच्या वर्षीचे कटऑफ बघितले तर पुण्यात दोन-तीन ठिकाणी ई अँड टीसी म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स मिळण्यासारखं होतं. कॅपचा ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांची पसंतीची यादी, त्यानं स्वतः भरला, मी म्हटलं ताईला विचारून भर, तर म्हणाला विचारलंय. पहिल्या राऊंडला जवळच्या एका कॉलेजला मेकॅनिकल लागलं. मी म्हटलं अरे पुण्याचं कसं नाही लागलं, तर म्हणाला कटऑफ वर गेला. पंधरा दिवसांनी झेरॉक्स काढताना त्याच्या फाईलीत ऑप्शन फॉर्मची प्रिंट सापडली. त्यात पुण्याचं एकही कॉलेज त्यानं घातलंच नव्हतं. सगळी कॉलेजं अशी की एसटीच्या पासवर रोज जाऊन येता येईल.

मी त्याला काही विचारलं नाही. काय विचारणार. मुलांना निम्मीच फी माफ आहे, ताईचं होस्टेल चालू आहे, त्यानं बसून हिशोब केला आणि स्वतःचं नाव स्वतःच खोडलं. अठरा वर्षाचं पोर. ताईला हे कळलं तेव्हा ती फोनवर रडली, म्हणाली मी काय पाप केलं म्हणून त्याची निम्मी आणि माझी पूर्ण. तिला समजावलं की तू पाप नाही केलंस, मुलींना आधी द्यायलाच पाहिजे होतं, माझ्यासारख्या किती जणी थांबल्या त्याची भरपाई अजून व्हायची आहे. पण एकाच घरात, एकाच उत्पन्नाच्या दाखल्यावर, एकाच ताटातल्या दोन पोरांना दोन न्याय, हे आईला बघवत नाही हो.

म्हणून माझं मत सरळ आहे. कॉलेजचं शिक्षण सगळ्यांना फुकट करा. मुलगा मुलगी, जात, उत्पन्न, काही बघू नका, गुणवत्तेनं कॅपमधून जागा मिळवली ना, मग फी नाही.

माझे दादा झेडपी शाळेत शिक्षक आहेत, त्यांना हे पटत नाही आणि त्यांचं म्हणणं मी इथं मांडलंच पाहिजे कारण ते उगाच बोलणारे नाहीत. ते म्हणाले, अगं, महात्मा फुल्यांनी १८८२ ला इंग्रज सरकारच्या शिक्षणावरच्या हंटर कमिशनपुढं काय मांडलं ते वाच. सरकारचा महसूल येतो रयतेच्या घामातून आणि तो खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर, खालची प्राथमिक शाळा मात्र ओस, हे फुल्यांनी तोंडावर सांगितलं. दादा म्हणाले आजही माझ्या शाळेत चार वर्गाला दोन शिक्षक, पावसाळ्यात व्हरांड्यात पाणी. जे पोरगं चौथीतच मागं पडलं ते तुझ्या कॅपपर्यंत येणारच नाही, मग कॉलेज फुकट करून फायदा कुणाचा, जे आधीच पुढं आलेत त्यांचा. डॉक्टरच्या, बिल्डरच्या मुलाची फी पण मीच भरायची का माझ्या करातून?

मी यावर बरेच दिवस विचार केला. चौथीच्या शाळेचं दादांचं शंभर टक्के खरं आहे, आणि एकच रुपया असेल तर तो आधी त्यांच्या शाळेत जावा असं मला पण वाटतं. पण फुल्यांनी सांगितलं ते रयतेला शिक्षणापासून लांब ठेवलं जात होतं म्हणून सांगितलं. आज रयतेचीच पोरं सीईटी देऊन दारात उभी आहेत, दिवाणजीचं पोरगं, हमालाची पोरगी. आता दार लावलं तर कुणावर लागणार? बिल्डरचा मुलगा तर मॅनेजमेंट कोट्यातून आधीच आत गेलेला असतो, आणि तो कोटा योजनेत नाहीच. आणि दुसरं, श्रीमंताला वगळायला म्हणून जी कागदं लावतो त्यात गाळला जातो गरीबच. श्रीमंताकडं सीए असतो. ज्याचा बाप ऊसतोडीला गेलाय त्या पोरीनं दाखला कुणाच्या सहीनं आणायचा? तिसरं, ती ८ लाखाची रेघ. नवरा-बायको दोघं साधी नोकरी करणारे, मिळून ८ लाख १० हजार झाले की शंभर टक्क्यावरून थेट शून्य. मधे काही पायरीच नाही. माझ्या एका गिऱ्हाईक बाईच्या मुलीचं तसंच झालं, दोघं पगारदार, डोक्यावर घराचं कर्ज, आणि फी पूर्ण. आणि शाळेचं की कॉलेजचं अशी निवड माझ्यावर किंवा दादांवर का टाकायची, आम्ही दोघं कर भरतो, एकेक बिस्कीटपुड्यावर भरतो.

धाकट्याच्या मित्राचा भाऊ जर्मनीला जायचं बघतोय, तिथं बहुतेक सरकारी विद्यापीठात ट्यूशन फी नाही, आपल्या पोरांना सुद्धा. एका राज्यात बाहेरच्या देशांच्या मुलांना सहामाहीला १५०० युरो घेतात, बाकी ठिकाणी बहुतेक नाहीच. पण व्हिसासाठी वर्षाच्या राहण्याखाण्याचे ११,९०४ युरो खात्यात अडकवून दाखवायचे. म्हणजे तिथं पण गोष्ट तीच, शिकणं फुकट आणि राहणं महाग. फरक एवढाच की तिथं हे आधीच लिहून सांगतात, कुणी खिडकीवर अडवत नाही.

तर योजना म्हणून कशी आहे विचाराल तर घ्याच, डोळे झाकून घ्या, कुणी काही सांगितलं तरी मुलीचं नाव कॅपमधून घाला. जीआरची प्रिंट बरोबर न्या, मोबाईलवर नको, कागद दिसला की समोरचा माणूस वेगळं बोलतो. निम्मी भरा म्हणाले तर लेखी मागा. हमीपत्र द्यायची तयारी ठेवा. वरखर्चाला पुण्यात पहिल्या वर्षी लाख-दीड लाख लागतात हे धरून चला, आणि सावित्रीबाई फुले आधार योजनेचा किंवा निर्वाह भत्त्याचा अर्ज ॲडमिशन झालं त्याच आठवड्यात करा, आमच्यासारखं वर्ष घालवू नका. महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या स्कॉलरशिपच्या वेबसाईटवर, अर्ज भरला म्हणजे काम संपलं असं समजू नका, तो आधी कॉलेजच्या लॉगिनला जातो, तिथून पुढं विभागाकडं, तेव्हा दर आठ दिवसांनी स्टेटस बघायचा आणि कॉलेजातच अडकला असेल तर जाऊन टेबलापाशी उभं राहायचं. आणि दरवर्षी रिन्यूअल असतं, ते विसरलं तर त्या वर्षाची फी आपल्या अंगावर.

थोरलीचं दुसऱ्या वर्षाचं रिन्यूअल मागच्या महिन्यात मंजूर झालं, परत शून्याची पावती आली. धाकट्याचा निम्म्या फीचा अर्ज अजून कॉलेजच्याच लॉगिनला आहे, सोमवारी ह्यांना सुट्टी घ्यायला सांगितल्ये. तो रोज सकाळी सव्वासहाच्या एसटीनं जातो, डब्यात दोन भाकरी जास्त देते कारण मित्राचा डबा नसतो, आणि बॅगेत अजून तो जुना सोल्डरिंग गन असतो.